कॅमेरा आपला, मग सेटिंग परक्याची का?

आपल्या वस्त्यांमधून आता चांगले डिजिटल कॅमेरे दिसू लागले आहेत. कोठे मुलाने पहिल्या काही पगारांतून पैसे साठवून घेतला, कोठे महिला मंडळाने भिशीतून, तर कोठे तरुण मंडळाने वर्गणी काढून. मोबाईल प्रत्येकाच्या खिशात असताना हा खर्च कशाला, असे विचारणारे भेटतात. त्यांना आमचे उत्तर असे की, विहारातील संध्याकाळची वंदना, मंडपातील मंगल परिणय, रात्रीची मिरवणूक आणि लांबच्या व्यासपीठावरचा वक्ता या चार ठिकाणी साधा मोबाईल हमखास कमी पडतो. कॅमेऱ्यातील प्रकाश टिपणारी चिप, जिला सेन्सर म्हणतात, ती मोबाईलच्या मानाने कितीतरी मोठी असते. कमी उजेडात तिचा उपयोग होतो.

परंतु कॅमेरा घरी आला म्हणजे काम झाले, असे नाही. खोक्यातून निघालेला कॅमेरा हा कचेरीतल्या छापील अर्जासारखा असतो. रकाने सर्वांना सारखेच, पण भरायचे ज्याचे त्याने. बरेच जण हा अर्ज कोराच ठेवतात, हिरव्या ‘ऑटो’वर चकती फिरवतात आणि फोटो बिघडला की कॅमेऱ्याला नावे ठेवतात. म्हणून आपण जे फोटो काढणार आहोत, त्यांच्या हिशोबाने कॅमेरा कसा लावून घ्यावा, हे या लेखात सांगावयाचे आहे. कॅनन, निकॉन, सोनी, फुजी अशा प्रत्येक कंपनीच्या यादीत नावे थोडी वेगळी असतात, पण मतलब एकच असतो.

शर्लीची गोष्ट

आधी थोडा इतिहास सांगणे आम्हाला जरूर वाटते. रंगीत फिल्मच्या जमान्यात कोडॅक कंपनी फोटो धुणाऱ्या प्रयोगशाळांना एक नमुन्याचे कार्ड पाठवीत असे. त्यावर एका गोऱ्या तरुणीचे छायाचित्र असे. पहिल्या कार्डावरची मुलगी कोडॅकमध्येच कामाला होती, तिचे नाव शर्ली. त्यावरून पुढे त्या सर्व कार्डांना ‘शर्ली कार्ड’ असे नाव पडले. शर्लीचा चेहरा बरोबर आला की रंग बरोबर, अशी ती मोजपट्टी होती. १९५० च्या दशकापासून कित्येक वर्षे ही मोजपट्टी चालली. ज्यांचा वर्ण शर्लीसारखा नव्हता, त्यांचे चेहरे फोटोत काळवंडून येत. डोळे आणि दात तेवढे दिसत.

लॉर्ना रॉथ या कॅनडातील विदुषीने या विषयावर संशोधन करून २००९ साली एक निबंध प्रसिद्ध केला. त्यात एक गोष्ट अशी निघाली की, कोडॅकच्या फिल्ममध्ये गडद रंगांचे बारकावे यावेत म्हणून जोराची तक्रार केली ती चॉकलेटच्या आणि लाकडी फर्निचरच्या कारखानदारांनी. त्यांना आपल्या मालाचा तपकिरी रंग जाहिरातीत नीट यायला हवा होता. माणसांच्या तक्रारीपेक्षा कपाट आणि चॉकलेट यांची तक्रार आधी ऐकली गेली! वाचकांनी यावर आपापल्या परीने विचार करावा.

आता काळ बदलला आहे. १९९० च्या दशकाच्या मध्यास त्या कार्डांवर वेगवेगळ्या वर्णांच्या स्त्रिया आल्या. २०२१ साली गुगलने पिक्सेल ६ या मोबाईलमध्ये ‘रिअल टोन’ या नावाने सावळ्या आणि काळ्या वर्णाकडे लक्ष पुरविणारी योजना आणली. आजच्या डिजिटल कॅमेऱ्याचा सेन्सर सावळा चेहरा उत्तम टिपू शकतो. मात्र त्याला कोठे बघायचे हे सांगावे लागते, आणि ते सांगण्याचे काम आपले आहे.

पहिल्या तासाची कामे

बॅटरी पूर्ण चार्ज करावी. बिल, वॉरंटी कार्ड आणि कॅमेऱ्याच्या तळाशी असलेला क्रमांक यांची नोंद एका कागदावर करून ठेवावी. मंडळाचा कॅमेरा असेल तर ही नोंद मंडळाच्या मालमत्ता-वहीत जावी, नाहीतर पुढच्या निवडणुकीनंतर कॅमेरा कोणाच्या घरी आहे यावरून बैठका होतात.

त्यानंतर भाषा. इंग्रजीची भीती वाटणाऱ्यांनी यादीत जरूर पाहावे. निकॉनच्या काही कॅमेऱ्यांत हिंदीबरोबर मराठीचाही पर्याय दिलेला आहे. आमचा अनुभव असा की, मराठी यादी पाहिल्यावर घरातील बायकांचा हात कॅमेऱ्याकडे लवकर जातो. मंडळाचा कॅमेरा तरुण पोरांच्याच गळ्यात राहतो आणि महिला मंडळाच्या कार्यक्रमाचे दोनच फोटो निघतात, हे चित्र बदलायचे असेल तर सेटिंग शिकवण्याच्या वेळी मुली आणि सुना पुढे बसल्या पाहिजेत.

मग तारीख आणि वेळ. हे काम किरकोळ समजू नये. डिजिटल फोटोच्या पोटात तो कधी काढला याची नोंद आपोआप होते. तारीख चुकीची असेल तर दहा वर्षांनी संगणकावर मुलाच्या नामकरणाचा फोटो भलत्याच वर्षात सापडेल. त्याच यादीत बहुतेक कॅमेऱ्यांत ‘कॉपीराइट’ म्हणून एक रकाना असतो. तेथे आपले किंवा मंडळाचे नाव एकदा भरले की प्रत्येक फोटोत ते जाऊन बसते. फाईलचे क्रमांक ‘सलग’ ठेवावेत. दर कार्डाला पुन्हा एकपासून सुरुवात केली तर एकाच क्रमांकाचे दोन फोटो होतात आणि एक दुसऱ्यावर चढून पुसला जाण्याचा धोका असतो. आवक-जावक रजिस्टर सांभाळणाऱ्या माणसाला हे वेगळे सांगायला नको.

नवे मेमरी कार्ड संगणकात फॉरमॅट न करता कॅमेऱ्यातच करावे. आणि ‘कार्ड नसताना शटर चालू’ ही सोय शोधून बंद करावी. ही सोय दुकानात गिऱ्हाईकाला नमुना दाखवण्यासाठी असते. ती चालू राहिली तर कार्ड न घालताच माणूस ‘खट खट’ करीत राहतो आणि रेशमी गाठ बांधून झाल्यावर कळते की आत काहीच नाही.

डोळा लावून बघायच्या खिडकीशेजारी एक बारीक चाक असते. चष्मा असणाऱ्यांनी ते फिरवून आतील अक्षरे स्वच्छ दिसतील असे करावे. चित्र धूसर दिसते म्हणून दुकानात परत नेलेल्या किती कॅमेऱ्यांचा दोष या चाकाचाच असेल!

फोटोचा आकार सर्वांत मोठा आणि दर्जा सर्वांत बारीक ठेवावा. हिशोब सोपा आहे. ४ बाय ६ इंचाची प्रत स्वच्छ यावी यासाठी साधारण २२ लाख ठिपके म्हणजे २.२ मेगापिक्सेल पुरतात. पण अल्बमचे १२ बाय १८ इंचाचे पान करायचे म्हटले तर साडेएकोणीस मेगापिक्सेल लागतात. २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा ते काम करतो, पण ‘लहान’ आकारावर ठेवला तर करू शकत नाही. मोठ्याचे लहान करता येते, लहानाचे मोठे करता येत नाही. शक्य असेल तर महत्त्वाच्या कार्यक्रमाला ‘रॉ’ आणि ‘जेपेग’ अशा दोन्ही प्रती ठेवाव्यात. रॉ म्हणजे न धुतलेली निगेटिव्ह समजा. जागा जास्त खाते, पण रंग बिघडला तर दुरुस्तीला वाव राहतो.

पांढरी साडी आणि सावळा चेहरा

हा या लेखाचा मुख्य भाग आहे, म्हणून येथे थोडे थांबावे लागेल.

आपल्या कार्यक्रमांत वस्त्रे पांढरी असतात. वधू-वर पांढऱ्या वेशात, वंदनेला बसलेल्या शंभर बायका पांढऱ्या साडीत, मागे पांढरा पडदा. कॅमेऱ्यातील प्रकाश मोजणारे यंत्र मात्र असे धरून चालते की, समोरचे सर्व जग सरासरीने मध्यम करड्या रंगाचे आहे. पडलेल्या प्रकाशापैकी साधारण १८ टक्के प्रकाश परत फेकणारा तो करडा. समोर पांढरेच पांढरे दिसले की यंत्राला वाटते उजेड फार झाला, आणि ते फोटो आवरून घेते. परिणाम असा की पांढरी साडी करडी, मळकट दिसते आणि तिच्यातला सावळा चेहरा अगदी अंधारात जातो. मुलीच्या लग्नाचा अल्बम घरी आल्यावर आई म्हणते, ‘‘माझी लेक एवढी काळी आहे का?’’ वर्णाचा तेथे काही संबंध नसतो. यंत्राने केलेल्या सरासरीचा तो परिणाम असतो.

याला उपाय आहे आणि तो प्रत्येक चांगल्या कॅमेऱ्यावर आहे. अधिक-उणेचे चिन्ह असलेले एक बटण असते, त्याला ‘एक्सपोजर कॉम्पेन्सेशन’ म्हणतात. पांढऱ्या वस्त्रांच्या समुदायासमोर ते अधिक दोन-तृतीयांशावर ठेवून सुरुवात करावी, गरज पडल्यास अधिक एकपर्यंत न्यावे. अधिक एक म्हणजे प्रकाश दुप्पट. एक फोटो काढावा आणि मागच्या पडद्यावर चेहरा मोठा करून पाहावा. कपाळ, गाल आणि हनुवटीखालचा भाग वेगवेगळा दिसतो का? साडीच्या काठाचे विणकाम दिसते का? दोन्ही दिसले तर सेटिंग बरोबर बसली. यादीतून ‘हायलाइट अलर्ट’ चालू करून ठेवला तर ज्या ठिकाणी पांढरा रंग पार जळून गेला आहे, ते ठिकाण पडद्यावर लुकलुकते. साडीचा एखादा चुणीचा भाग लुकलुकला तर चालेल. कपाळ लुकलुकले तर मात्र एक पायरी मागे यावे.

रात्री उलट होते. मागे काळोख आणि समोर हॅलोजनच्या उजेडात वक्ता. यंत्र काळोखाला करडे करायला जाते आणि वक्त्याचा चेहरा भाजून पांढराफटक करते. तेथे उणे दोन-तृतीयांश, प्रसंगी उणे एक. काम झाले की बटण पुन्हा शून्यावर आणण्याची सवय मात्र लावून घ्यावी.

नव्या कॅमेऱ्यांना चेहरा ओळखता येतो. ‘फेस डिटेक्शन’ किंवा ‘आय डिटेक्शन’ चालू केले तर स्पष्टता डोळ्यांवर येते, आणि बऱ्याच कॅमेऱ्यांत प्रकाशही चेहऱ्याला महत्त्व देऊन मोजला जातो. असा कॅमेरा असेल तर वर सांगितलेली अधिक खूण कमी लागते, म्हणून आंधळेपणाने आकडा न धरता पडद्यावर पाहूनच ठरवावे. अंधारात आणि सावळ्या चेहऱ्यांवर ही ओळख कधी कधी डगमगते. २०१८ साली अमेरिकेत जॉय बुओलाम्विनी आणि टिमनिट गेब्रू या दोन कृष्णवर्णीय स्त्री संशोधकांनी चेहऱ्यावरून स्त्री की पुरुष हे ओळखणारी संगणक-यंत्रणा तपासली. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चूक जास्तीत जास्त ०.८ टक्के, तर गडद वर्णाच्या स्त्रियांच्या बाबतीत ती ३४.७ टक्क्यांपर्यंत निघाली. यंत्राला शिकवताना जे चेहरे दाखवले गेले, त्यांत आपल्यासारखे थोडे होते. कॅमेऱ्यातील चौकट चेहऱ्यावर बसत नसेल तर वेळ न घालवता एकच बिंदू निवडण्याची सोय वापरावी आणि तो बिंदू स्वतः डोळ्यावर ठेवावा.

भर दुपारी उन्हात पांढऱ्या वस्त्रांतील समूहाचा फोटो काढूच नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. डोळ्यांच्या खोबणीत सावली पडते आणि साडी जळते. विहाराच्या सावलीच्या बाजूला सर्वांना उभे करावे. दहा पावले चालण्याचा प्रश्न असतो.

‘फेअर’ करणारी बटणे

काही कॅमेऱ्यांत आणि जवळजवळ सर्व मोबाईलमध्ये त्वचा गुळगुळीत आणि उजळ करणारी सोय असते. नावे ‘सॉफ्ट स्किन’, ‘ब्यूटी’ अशी गोंडस. ती शोधून पूर्ण बंद करावी. अल्बम करणाऱ्या स्टुडिओतही विचारल्याशिवाय वधूला दोन छटा गोरी करून देण्याची रीत पडली आहे. मुलीच्या कपाळावरचा लहानपणीचा व्रण, आजीच्या हनुवटीवरचे गोंदण हे सर्व पुसून मग आपण काय सांभाळून ठेवणार? काम देताना सांगावे की, चेहऱ्याचा रंग बदलायचा नाही, सुरकुती काढायची नाही. कागदावर लिहून दिले तर अधिक बरे.

अमेरिकेत गुलामीत जन्मलेले आणि १८३८ साली तेथून निसटून पुढे मोठे नेते झालेले फ्रेडरिक डग्लस यांचे उदाहरण येथे द्यावेसे वाटते. एकोणिसाव्या शतकातील अमेरिकेत सर्वांत जास्त छायाचित्रे त्यांचीच निघाली असे अभ्यासक म्हणतात. सुमारे १६० निरनिराळी छायाचित्रे आज ज्ञात आहेत. काळ्या माणसांची विद्रूप व्यंगचित्रे छापली जात असताना हा माणूस नीटनेटक्या पोशाखात, थेट कॅमेऱ्यात पाहत बसत असे. छायाचित्रणाच्या विषयावर त्यांनी व्याख्यानेही दिली. आपला चेहरा जसा आहे तसा, मानाने टिपला जावा, हा त्यांचा आग्रह होता.

विहारात, सभागृहात

आत शिरण्यापूर्वी कॅमेऱ्याचा ‘बीप’ आवाज बंद करावा. अंधारात चमकणारा लाल-पिवळा मदत-दिवा, म्हणजे ‘एएफ असिस्ट’, तोही बंद करावा. ध्यानाला बसलेल्यांच्या डोळ्यांवर तो पडतो आणि फोटोग्राफरबद्दलचा आदर कमी होतो. फ्लॅश तेथे उडवूच नये. समोरून उडवलेला फ्लॅश पांढऱ्या वस्त्रांवर आदळतो, मागे काळी सावली पडते, आणि घामाने ओला चेहरा तेलकट दिसतो. छताकडे तोंड करता येणारा वेगळा फ्लॅश असेल तर पांढऱ्या स्लॅबखाली तो उत्तम काम करतो, पण पत्र्याच्या शेडखाली त्याचा उपयोग होत नाही.

मग उजेड आणायचा कोठून? ‘आयएसओ’ वाढवून. हा आकडा वाढवला की कॅमेरा कमी उजेडात पाहू लागतो, पण फोटोत वाळूसारखे दाणे येतात. ‘ऑटो आयएसओ’ चालू करून त्याची वरची मर्यादा ३२०० ठेवावी, कॅमेरा नवा असेल तर ६४००. दाणेदार फोटो छापल्यावर बराच सुधारतो. हललेला फोटो सुधारत नाही. म्हणून शटरचा वेग फार खाली जाऊ देऊ नये. बोलत्या-चालत्या माणसांसाठी सेकंदाचा १/१२५ वा भाग ही खालची मर्यादा यादीत घालता येते. ती सोय नसलेल्या साध्या कॅमेऱ्यात चकती ‘एस’ किंवा ‘टीव्ही’वर ठेवून वेग आपणच धरावा.

येथे एक बारीक गोष्ट आहे. आपल्या देशातील वीज सेकंदाला ५० आवर्तने करते, त्यामुळे ट्यूबलाइट आणि स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. डोळ्यांना दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसते. एका फोटोत उजेड, दुसऱ्यात अंधार, तिसऱ्यात आडवे पट्टे. अशा उजेडात वेग १/१०० ठेवला की प्रत्येक फोटोत पूर्ण एक लुकलुक सामावते आणि पट्टे जातात. ‘अँटी-फ्लिकर’ सोय असल्यास ती चालू करावी. आवाज न करणारे इलेक्ट्रॉनिक शटर वंदनेला सोयीचे वाटते खरे, पण एलईडीखाली पट्टे आणते ते प्रामुख्याने तेच. ते दिवसाच्या उजेडासाठी राखून ठेवावे.

कॅमेऱ्याबरोबर मिळणारी १८-५५ ची लेन्स अंधारात थोडी दुबळी असते. पुढे कधी पैसे जमले तर ५० मिलिमीटर एफ/१.८ ही छोटी लेन्स घ्यावी. मात्र १.८ वर जवळच्या माणसाचा एक डोळा स्पष्ट आणि दुसरा धूसर अशी गत होते. दोन-तीन रांगांचा समूह असेल तर एफ/५.६ ते एफ/८ वर यावे आणि स्पष्टता पहिल्या रांगेवर धरावी. मागच्या रांगेतली माणसेही वर्गणी देऊनच आलेली असतात.

निळ्या रंगाचे कोडे

निळ्या कापडाच्या मंडपाखाली दुपारी फोटो काढून पाहा. प्रत्येक चेहऱ्यावर निळी झाक येते. कॅमेऱ्याचा ‘ऑटो व्हाईट बॅलन्स’ गोंधळतो आणि कधी निळे, कधी पिवळे दाखवतो. त्यावर उपाय ‘कस्टम व्हाईट बॅलन्स’. त्याच मंडपाखाली, चेहऱ्यावर पडतो त्याच उजेडात एक कोरा पांढरा कागद धरून त्याचा फोटो घ्यावा आणि कॅमेऱ्याला सांगावे की हे पांढरे. चेहरे सुधारतात. मंडपाबाहेर आल्यावर मात्र ही सेटिंग काढायला विसरू नये. खरे म्हणजे मंडपवाल्याला आधीच सांगून छत पांढरे आणि झालर निळी करून घेतली तर खर्चही वाढत नाही आणि कॅमेऱ्याचे निम्मे दुखणे जाते.

रात्रीच्या मिरवणुकीत निळ्या एलईडीचा झोत चेहऱ्यावर पडला तर सर्व बारकावे त्या निळ्यात बुडतात. झेंड्याचा निळा कधी जांभळाही येतो. रंगांची तीव्रता वाढवणारी ‘व्हिव्हिड’ किंवा ‘लँडस्केप’ छटा तेव्हा अजिबात वापरू नये, ‘न्यूट्रल’ बरी. उणे एक-तृतीयांश ठेवावे आणि झोत हलून पांढरा उजेड येईपर्यंत दोन क्षण थांबावे. लेझीम खेळणाऱ्यांसाठी वेग १/२५०, स्पष्टता ‘सतत’ म्हणजे ‘एएफ-सी’ किंवा ‘सर्व्हो’वर, आणि शटर ‘एकापाठोपाठ’.

डीजेच्या गाडीवर लेझरचे झोत असतील तर कॅमेरा तिकडे मुळीच रोखू नये. लेझर थेट लेन्समध्ये गेला तर सेन्सर कायमचा जळतो. डोळ्यांनाही तो घातकच. निळीची उधळण चालू असताना लेन्स काढू-घालू नये. कॅमेऱ्याला पारदर्शक पिशवी गुंडाळून पुढे लेन्सपुरते भोक ठेवले की दहा रुपयांत काम होते.

अर्जासाठीचे फोटो घरीही काढता येतात. पांढऱ्या भिंतीपासून दोन-तीन फूट पुढे बसवावे म्हणजे मागे सावली पडत नाही. उजेड खिडकीचा, आणि तेच अधिक दोन-तृतीयांश. भिंत पांढरी आणि चेहरा ओळखू येणारा निघतो.

भिंतीवरच्या जुन्या फोटोसाठी

आता शेवटचे काम, जे आमच्या मते नव्या कॅमेऱ्याने सर्वांत आधी करावे. पुष्कळ घरांत आजोबा-आजीचा एकुलता एक फोटो असतो, तोही जत्रेतल्या स्टुडिओत किंवा ओळखपत्रासाठी काढलेला. काहींच्या घरी १९५६ च्या नागपूरच्या वेळचा एखादा पिवळा पडलेला कागद असतो. गळके घर, वाळवी आणि पूर हे कोणाची वाट पाहत नाहीत.

अशा फोटोची प्रत करण्यासाठी चकती ‘ए’ किंवा ‘एव्ही’वर, आयएसओ १००, एफ/८, फ्लॅश बंद, दोन सेकंदांचा टायमर. कॅमेरा तिकाटण्यावर, नसेल तर विटांच्या थरावर घट्ट. तिकाटण्यावर असताना लेन्सवरचे ‘स्टॅबिलायझर’ बटण बंद करावे. लेन्स ५० च्या आसपास ठेवावी, १८ वर कडा वाकतात. फोटो खिडकीजवळ, पण थेट ऊन पडणार नाही असा भिंतीला टेकवून कॅमेरा त्याच्या अगदी समोर, समांतर. पांढऱ्या कागदावरून व्हाईट बॅलन्स घ्यावा. चौकटीच्या काचेत आपले प्रतिबिंब दिसत असेल तर कॅमेऱ्यामागे काळी चादर धरावी, तीत लेन्सपुरते भोक. फोटो काचेतून सहज सुटत असेल तरच काढावा. काचेला चिकटला असेल तर ओढू नये, वरचा थर काचेवरच राहतो. तसाच काचेसकट फोटो घ्यावा. मागच्या बाजूला काही लिहिलेले असेल, शिक्का असेल, तर त्याचाही एक फोटो काढावा.

त्याच दिवशी सर्व फायली दोन ठिकाणी उतरवाव्यात, एक प्रत घरच्या संगणकावर किंवा पेनड्राइव्हवर आणि दुसरी गावच्या किंवा नातेवाइकाच्या घरी. आणि घरातले वयस्कर माणूस समोर बसले असतानाच वहीत लिहून घ्यावे: फाईलचा क्रमांक, गाव, अंदाजे साल, आणि डावीकडून उजवीकडे एकेकाचे नाव, स्त्रियांची नावेही. ‘अमक्याची बायको’ असे लिहू नये, तिचे नाव विचारावे. आजी सांगतील.